न्हाणीघरांतील आवाज व त्यांचीं कारणें



रोगी "पोटांत दुखतें" म्हणाला कीं चांगला वैद्य लगेच पुडी बांधून देत नाहीं. "केव्हां दुखतें? जेवणापूर्वीं कीं जेवणानंतर?" हा त्याचा पहिला प्रश्न असतो. घराला ऊन पाणी पुरविणाऱ्या गिझरविषयींहि हाच प्रश्न प्रथम विचारावयास हवा. गिझर आवाज करतो ही तक्रार घरोघर ऐकूं येते. कोणी त्या आवाजाला गुरगुर म्हणतो, कोणी घरघर, कोणी ठोका. परंतु वर्णनापेक्षां वेळ महत्त्वाची. आवाज पाणी तापतांना होतो, नळ मिटतांना होतो, कीं सर्व कांहीं बंद केल्यावर होतो, एवढें ज्यानें नीट पाहिलें त्याचें निम्में निदान झालें.

पूर्वीं आपल्या घरांतून तांब्याचा बंब असे. मध्यें विस्तवाची नळी, भोंवतीं पाणी आणि वर सैल झांकण. उकळी येण्यापूर्वीं तोहि सूं सूं करी. नळीलगतच्या पाण्याची आधीं वाफ होई. तिचे बुडबुडे बाजूच्या थंड पाण्यांत शिरतांच विरून जात, आणि त्यांच्या रिकाम्या जागेंत भोंवतालचें पाणी आपटे. अशा हजारों बारीक आपट्यांचा मिळून तो आवाज होई. बंबांत वाफ कोंडण्याचें भय नव्हतें. गिझरची टाकी मात्र चोहोंकडून बंद असते. म्हणून तेथें तोच आवाज अधिक सावधपणें ऐकावा लागतो.

पहिला आवाज पाणी तापत असतांनाचा. बटण दाबल्यावर थोड्याच वेळांत घरघर सुरू झाली आणि दिवा विझतांच ती थांबली, तर आंत क्षारांचा थर बसला आहे असें बहुधा समजावें. विहिरीच्या, विशेषतः बोअरच्या, जड पाण्यांत कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलें असतें. तें तापलें म्हणजे त्याचें विघटन होऊन कार्बोनेट, म्हणजे ज्याचा खडू बनतो तोच पदार्थ, पाणी तापविणाऱ्या कॉईलवर जमूं लागतो. उष्णता वाहून नेण्याची त्याची शक्ति तांब्याच्या शंभराव्या हिश्शाहूनहि कमी. थराच्या फटींत अडकलेलें पाणी तेथल्या तेथें उकळतें, मग टाकींतील इतर पाणी ५० अंशांवर कां असेना. कॉईल स्वतः भलतीच तापते आणि लौकर जळते. टाकी रिकामी करवून थर काढून घेणें हा त्यावर उपाय. पाणी जड असेल तेथें हें काम वर्षातून एकदां करवावें. त्याच वेळीं आंतील मॅग्नेशियमची कांडीहि तपासून घ्यावी. ती स्वतः झिजून टाकीचा पत्रा वांचविते.

दुसरा आवाज नळ मिटतांनाचा. भिंतींत कोणी हातोडा मारावा तसा ठोका बसतो आणि दोष गिझरवर येतो. गिझरचें बटण बंद ठेवून थंड पाण्याचा नळ एकदम मिटून पाहावा. ठोका तसाच पडला तर गिझर निर्दोष. धांवत्या पाण्याला वजन असतें व वेग असतो. वाट एकाएकीं बंद झाली म्हणजे तो वेग दाबाच्या रूपानें नळीवर आदळतो. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९७-९८ सालीं प्रयोग करून याचें गणित बसविलें. सेकंदाला १ मीटर वेगानें जाणारें पाणी धातूच्या नळींत एकदम थांबविलें, तर वातावरणाच्या दाबाच्या १० पटींहून अधिक दाब क्षणभर वाढतो. हीच शक्ति वापरून फ्रान्समध्यें मोंगोल्फिये यानें १७९६ मध्यें एंजिनाशिवाय पाणी उंच चढविणारा पंप तयार केला होता. आपल्या न्हाणीघरांत मात्र ती सांधे ढिले करते. दांडीचे नळ हळू मिटावे, सैल नळ्या भिंतीशीं घट्ट बांधून घ्याव्या, आणि कपडे धुण्याच्या यंत्राची झडप क्षणांत मिटत असल्यामुळें तेथें धक्का शोषणारें साधन बसवावें.

तिसरा आवाज सर्व बंद केल्यानंतरचा. भिंतींतून येणारी टिक्‌टिक्. ऊन पाण्यानें नळी लांबते आणि निवतांना आंखडते. ३ मीटर लांबीची तांब्याची नळी ४० अंशांनीं तापली तर सुमारें २ मिलिमीटर वाढते, सी.पी.व्ही.सी.ची सुमारें ८ मिलिमीटर. भिंतीचें भोंक तंग असलें कीं ती अडत अडत सरकते. या आवाजाला भिण्याचें कारण नाहीं.

चौथा आवाज मात्र भिण्याजोगा आहे. दिवा विझावयाची वेळ टळून गेली तरी आंत उकळण्याचा आवाज चालूच, आणि नळ सोडतांच पाण्याबरोबर वाफेचे फुत्कार, असें झालें तर तापमान राखणारा थर्मोस्टॅट निकामी झाला आहे असें समजावें. अशा वेळीं बाहेरचें मुख्य बटण बंद करावें, टाकीखालीं उभें राहूं नये, आणि पाणी आपोआप निवूं द्यावें. कोंडलेलें पाणी दाबाखालीं १०० अंशांच्या वरहि न उकळतां राहतें. २५ लिटर पाणी १२० अंशांवर असतां टाकी फुटली, तर त्यांतील किलोभर पाण्याची एका क्षणांत वाफ होऊन ती सुमारें दीड हजार लिटर जागा मागते. हें टाळण्यासाठीं गिझरला सुरक्षा झडप दिलेली असते. दाबाच्या पंपाच्या घरांत पाणी तापतांना ती थोडी ठिबकते, कारण २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेलें म्हणजे सुमारें ३७५ मिलिलिटर वाढतें व त्यास कोठें तरी वाट हवी असते. फरशी ओली होते म्हणून या झडपेच्या तोंडांत लाकडी खुंटी ठोकलेली मीं एका घरीं पाहिली आहे. तसें कोणीं कदापि करूं नये. ठिबक बादलींत नेणारी बारीक नळी लावावी. ती सतत वाहूं लागली तर झडप बदलून घ्यावी, बुजवूं नये.

गॅसचा गिझर पेटतांना 'भप्' असा भडका उडत असेल, तर ठिणगी पडण्यापूर्वींच गॅस सांचतो आहे असें ओळखावें. बॅटरीचे सेल उतरले असतील किंवा बर्नरचीं भोंकें बुजलीं असतील. दुरुस्ती होईपर्यंत तो वापरूं नये. परंतु या गिझरचा सर्वांत मोठा धोका आवाज करीत नाहीं. हवा अपुरी पडली कीं अर्धवट ज्वलनानें कार्बन मोनॉक्साइड वायु निर्माण होतो. त्यास रंग नाहीं, वासहि नाहीं. डोकें दुखूं लागतें, चक्कर येते, आणि दाराला आंतून कडी असते. म्हणून हा गिझर न्हाणीघराच्या आंत ठेवूंच नये. तो मोकळ्या हवेंत, धूर बाहेर नेणाऱ्या नळीसह बसवावा.

तेव्हां कारागिरास बोलावण्यापूर्वीं एका कागदावर तीन गोष्टी लिहून ठेवाव्या: आवाज केव्हां होतो, कोणत्या नळाशीं होतो, आणि गिझर बंद असतांनाहि होतो कीं काय. एवढ्यानें कारागिराचा वेळ वांचेल व आपला पैसाहि. आणि ज्यांच्या घरीं गॅसचा गिझर न्हाणीघराच्या आंत आहे, त्यांनीं कोणत्याहि आवाजाची वाट न पाहतां तो उद्यांच बाहेर काढवून घ्यावा.