हातमशीन चालतं ठेवा



१९२४ साली दिल्लीत रामचंद्रन नावाच्या तरुणाने गांधीजींना विचारलं, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? गांधीजींनी अपवाद म्हणून सिंगरच्या शिवणयंत्राचं नाव घेतलं. ते बनवायला मोठा कारखाना लागतोच, हे रामचंद्रनने दाखवून दिलं, तेव्हा असे कारखाने सरकारच्या ताब्यात असावेत, असं ते म्हणाले. पण शिवणयंत्राची बाजू काही सोडली नाही. मला हा निवाडा पटतो, आणि हाताने फिरवायच्या मशीनला तो सर्वांत जास्त लागू पडतो.

आपल्याकडची पुष्कळ जुनी सिंगर मशीनं स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकची. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला, मशीनं अजून टीप मारतात. पुढे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगचं उषा मशीन घरोघरी पोचलं. या मशीनांत बिघडण्यासारखं फार थोडं असतं.

हँडलचा एक फेरा म्हणजे साधारण तीन टाके. या संथपणातच हातमशीनचं बळ आहे. कॉलरचं टोक आलं की सुई कापडात रुतलेली ठेवून थांबता येतं, जीन्सच्या जाड घड्यांवर एकेक टाका सावकाश घालता येतो. मोटर एवढ्या हळू चालवायला पाय फार सरावलेला लागतो. अडचणही खरी आहे: उजवा हात हँडलवर, म्हणून कापड एकट्या डाव्या हाताने सांभाळावं लागतं. पडदे, चादरी अशा लांब शिवणीला पायमशीनच बरं. शिकणाऱ्या मुलांना मात्र हातमशीनच द्यावं. हात थांबला की सुई थांबते.

पायमशीनला किंवा मोटरच्या मशीनला हँडल बसवून त्याचं हातमशीन करता येतं. आता त्या जोडणीकडे येऊ. चाकाच्या बाजूला मशीनच्या खांबावर आट्यांचं भोक असलेला एक उंचवटा असतो. मोटर तिथेच बसते आणि हँडलचा संचही तिथेच, एका बोल्टवर. पायमशीन असेल तर आधी चामडी पट्टा काढा. मोटरचं असेल तर मोटर उतरवा. जुन्या वायरींचं रबर तडकलेलं असतं, त्या पुन्हा वापरायच्या भानगडीत पडू नका. संचाचं बोट चाकाच्या दोन आऱ्यांमध्ये शिरून चाक फिरवतं, म्हणून भरीव चाक चालत नाही, आऱ्यांचंच लागतं. चाकाचं भोक मॉडेलप्रमाणे बदलतं. दुकानात जाताना जुनं चाक बरोबर न्या. बोटावरची चामड्याची गादी झिजली की खडखड सुरू होते. चामड्याचा नवा तुकडा लावला की थांबते. हँडल आपल्यापासून पुढे फिरवायचं, मग चाक आपल्याकडे फिरतं.

काही जुन्या पायमशीनांना हा उंचवटाच नसतो. कुणी भोक पाडून देतो म्हणाला तर नाही म्हणा. मशीनचं बीड ठिसूळ असतं, तडकलं की मशीन गेलं. असं मशीन पायावरच राहू द्यावं. जो बदल पुन्हा उलटवता येतो तेवढाच करावा, हा माझा आग्रह आहे.

सुयांची चिंता नको. सिंगरच्या १५, २७, ६६, ९९ या मॉडेलांना आज बाजारात मिळणारी साधी घरगुती सुई चालते. त्याहून जुन्या १२ नंबरच्या मॉडेलला मात्र वेगळी सुई लागते, आणि ती सहज मिळत नाही. तेल फक्त मशीनचंच घाला. खोबरेल किंवा गोडेतेल वाळून चिकटतं आणि मशीन जाम होतं. सोनेरी नक्षीवर स्पिरिट लावू नका, तिच्यावरचं लाखेचं रोगण विरघळतं.

अशी मशीनं हल्ली भंगारात तरी जातात, नाहीतर हॉटेलांत शोभेला ठेवली जातात. दोन्ही वाईट. आपल्या माळ्यावर एखादं असेल तर सुट्टीत खाली काढा, तेल द्या, नवी सुई लावा आणि घरातल्या मुलांना त्यावर पहिली पिशवी शिवू द्या.