थायरॉईडची गोळी : मेडिकलवर आपली कंपनी मिळाली नाही तर?



आपल्या गटांत थायरॉईडची गोळी रोज घेणाऱ्या कितीतरी जणी आहेत. डबी संपली की मेडिकलवाला म्हणतो, "ही कंपनी नाही, दुसरी देऊ का?" मग कोणी दुसरी आणते, कोणी म्हणते, वाशिमला जाणं होईल तेव्हा पाहू. तोवर गोळी बंद! हे जास्त वाईट.

थायरोनॉर्म असो की एल्ट्रॉक्सिन, आत औषध एकच, थायरॉक्सिन. ते इतकं थोडं लागतं की मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. म्हणून कंपनी बदलली की फरक पडू शकतो, आणि म्हणूनच डॉक्टर एकीवरच राहा म्हणतात. नाहीच मिळाली तर डॉक्टरांना विचारून दुसरी घ्या, पण डबीवरचा आकडा तोच पाहिजे. 50 च्या जागी 100 ची आणून अंदाजाने तोडू नका. सहा आठवड्यांनी टीएसएच तपासा. दिवस गेलेल्या ताईने तर गोळीत खंड पडूच देऊ नये, बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर असते.

माझं म्हणाल तर, पंधरा गोळ्या उरल्या की मेडिकलवाल्याला सांगून ठेवा. गटातली जी बँकेच्या कामाला रिसोड नाहीतर मंगरुळपीरला जाते, तिच्याजवळ चिठ्ठ्या द्या. (हप्त्याची तारीख आपण चुकू देत नाही, मग ही का चुकावी?)

गोळी सकाळी उपाशीपोटी, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. लोहाची, कॅल्शियमची गोळी चार तासांनंतर. आणि डबी चुलीजवळच्या फळीवर नको, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर नाहीच.