तारा किती आवळायच्या?

आज जरा वेगळा विषय. मी आठवडाभर कोड लिहितो आणि रविवारी मुंबई बंदरात जे-२४ या शिडाच्या बोटीवर रेस करतो.

मागच्या सीझनला हलक्या वाऱ्यात आम्ही सारखे मागे पडायचो. मी सुकाणूवर, मित्र मेनसेलच्या दोरीवर. दर रेसनंतर मी त्याच्यावर चिडायचो, तुझं ट्रिम चुकतंय म्हणून. शेवटी तो म्हणाला, "दुसरा माणूस बघ."

त्याच दिवशी बोटी सांभाळणाऱ्या काकांनी आमची श्राउड, म्हणजे डोलकाठीला बाजूने धरणारी तार, बोटाने छेडली. म्हणाले, "सतार लावलीय का रे?"

चूक माझीच होती. एकदा जोराच्या वाऱ्यात बोट मस्त पळाली, म्हणून आवळलेल्या तारा मी तशाच ठेवल्या होत्या. आता बघा काय होतं. वरच्या श्राउड आणि मागचा बॅकस्टे फार ताणला की डोलकाठी वाकते आणि मेनसेलचं पोट आत जातं. पुढची तार ताठ होते, त्यामुळे जिबही सपाट होतं. जोराच्या वाऱ्यात हे हवंच, बोट कमी कलते. पण हलक्या वाऱ्यात शिडाला पोटच नसेल, तर ताकद येणार कुठून?

आता आमची पद्धत अशी. बोट उभी असताना हॅलयार्डला टेप बांधून वर चढवायची आणि दोन्ही बाजूंच्या चेनप्लेटपर्यंत माप घ्यायचं. मापं सारखी आली, की डोलकाठी डावी-उजवीकडे कललेली नाही. मग गेजने तारांचा ताण मोजून वहीत लिहायचा. ही बेसलाइन.

नंतर वाऱ्यावर चढत जायचं आणि बोट कलते त्या बाजूची श्राउड बघायची. ती जेमतेम सैल पडत असेल तर ठीक. लोंबत असेल तर दोन्ही बाजूंचे टर्नबकल सारखेच फेरे फिरवायचे, टॅक बदलून पुन्हा बघायचं. पिना परत लावायच्या, विसरायचं नाही! हे सगळं रेसच्या आधी. रेसमध्ये हाताशी फक्त बॅकस्टे.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार बदल एकदम केले तर कशाने फरक पडला, ते कळत नाही. डीबगिंगमध्ये हे मला रोज पटतं, बोटीवर मात्र सुचलं नव्हतं.

मित्राची माफी मागितली. तो परत आलाय. वही आता त्याच्याकडेच असते.

भेटूया पुढच्या भागात!