रुग्णसेवकांचें आरोग्य



महोत्सवाच्या दिवसांत देवमंदिराविषयीं पुष्कळ बोलणें होतें, व तें योग्यच आहे. परंतु आज आम्हांस ज्या मंडळींशीं बोलावयाचें आहे, तीं रुग्णालयांत राबणारीं माणसें होत: आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार, कपडे धुणारे, स्वयंपाकी आणि रात्रीचे चौकीदार. डॉक्टर दिवसांतून एकदोन वेळां खाटेजवळ येतात. रुग्णाची कूस बदलणारे, त्याचें भांडें उचलणारे हात आपले असतात. म्हणून त्या हातांच्या संवयी हा केवळ आपला घरगुती प्रश्न राहत नाहीं.

आपल्या वर्धा जिल्ह्यांत हा विचार नवा नव्हे. १९६९ सालीं, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, डॉ. सुशीला नायर यांनीं सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या आश्रयानें वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलें. खादी, श्रमदान व सर्वधर्मप्रार्थना यांजबरोबरच मद्य व तंबाखू वर्ज्य करण्याचा नियम तेथील आचारसंहितेंत घालण्यांत आला. जो दुसऱ्यास पथ्य सांगतो त्यानें तें स्वतः पाळावें, हा त्यांतील बोध. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली, आणि दारूबंदी तर आपल्या जिल्ह्यांत त्याहून पुष्कळ जुनी आहे. तथापि कायदा दुकान बंद करूं शकतो, मनाची ओढ नाहीं; आणि खर्ऱ्याची पुडी अजूनही खिशाखिशांत सांपडते.

या खर्ऱ्याविषयीं स्पष्ट बोलणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. सुपारी, तंबाखू व चुना घोटून तो करितात. चुन्याच्या योगानें तंबाखूंतील विष गालाच्या आवरणांतून त्वरित रक्तांत शिरतें; घटकाभर हुशारी वाटते, ती उतरली कीं पुन्हां पुडी सोडावी लागते. तंबाखूवांचून नुसती सुपारी निरुपद्रवी, असें कित्येक समजतात. तेंही खरें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालीं सुपारीलाही कर्करोगकारक ठरविलें आहे. सुपारीनें गाल आंतून ताठर होत जातात व तोंड उघडेनासें होतें. आपलीं तीन बोटें उभीं धरून तोंडांत जातात कीं नाहीं, हें आज घरीं पाहा. तीं न गेल्यास, तिखटानें आग होत असल्यास, किंवा पांढरा वा लाल चट्टा अथवा न भरणारी जखम दिसल्यास विलंब न लावितां दंतवैद्यास दाखवा. दुसऱ्यास रोज तपासणीस नेणाऱ्यानें स्वतः एकदांही तपासून घेऊं नये, हें आश्चर्य नव्हे काय?

हातांचीही गोष्ट तशीच. १८४७ सालीं व्हिएन्ना येथें डॉ. सेमेलवाइस यांनीं प्रसूतिगृहांतील डॉक्टरांस क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्यास लाविलें, आणि बाळंतिणींचे मृत्यु झपाट्यानें घटले. खाट पुसलेल्या बोटांनीं पुडी सोडली तर रोग आपल्या तोंडांत जातो. तींच बोटें पुन्हां खाटेस लागलीं तर तो रुग्णाकडे जातो.

आम्ही आपणांस दोष देत नाहीं. रात्रपाळींत पहाटेस डोळे मिटूं लागतात, डबा थंड झालेला असतो, आणि शेजारचा सोबती प्रेमानेंच पुडी पुढें करितो. म्हणून 'सोडा' एवढें सांगून भागत नाहीं. त्या जागीं काय ठेवावें तेंही सांगितलें पाहिजे. कामावर निघण्यापूर्वीं भाकर-भाजी पोटभर खावी. जवळ फुटाणे, शेंगदाणे व पाण्याची बाटली ठेवावी. तलफ आली कीं पाणी पिऊन चार पावलें चालावें. थोड्या मिनिटांत तिचा जोर ओसरतो. दिवसा अंधाऱ्या खोलींत झोपावें, आणि घरच्यांनीं त्या झोपेचा मान राखावा.

संत कमिलस दे लेलिस यांचें चरित्र येथें आठवतें. १५५० सालीं इटलींत जन्मलेला हा शिपाई पायाच्या जखमेसाठीं रोममधील संत याकोबाच्या रुग्णालयांत आला व तेथेंच सेवक झाला. परंतु जुगाराच्या नादामुळें त्यास काढून टाकण्यांत आलें. १५७५ सालीं त्याचें मन पालटलें. पुढें त्याच रुग्णालयाचा तो व्यवस्थापक झाला, आणि रुग्णसेवेसाठीं त्यानें सोबती जमविले. पायाची जखम जन्मभर राहिली. जुगार मात्र सुटला. १८८६ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं त्यास रुग्णांचा व रुग्णालयांचा आश्रयदाता म्हणून घोषित केलें. काढून टाकलेला सेवक रुग्णालयांचा आश्रयदाता झाला, हें संवयीपुढें हताश झालेल्या प्रत्येकानें ध्यानांत धरावें.

म्हणून आमची विनंती दोघांस आहे. व्यवस्थापकांनीं रात्रपाळीस गरम जेवण, हात धुण्यास साबण, वर्षांतून एकदां तोंडाची व रक्तदाबाची तपासणी आणि काविळीची प्रतिबंधक लस द्यावी. सुईचा धोका सफाई करणाऱ्यासही असतो. सेवकांनीं दोघांदोघांच्या जोड्या कराव्या. एकानें पुडी काढली तर दुसऱ्यानें प्रेमानें हात धरावा. एकट्याचा निश्चय मध्यरात्रीं ढळतो, दोघांचा बहुधा टिकतो.

रुग्णांस स्पर्श करून बरें करणारा प्रभु आपले हात निर्मळ व आपलें आयुष्य दीर्घ करो.