मुलांची बाग



गावोगावच्या शाळांच्या पाट्यांवर ‘के.जी.’ ही अक्षरं आपण वाचतो. मूळ शब्द ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग. १८४० साली तो घडवला फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षकानं.

फ्रोबेल यांचा जन्म १७८२चा, थुरिंगियाच्या डोंगराळ मुलखातला. ते नऊ महिन्यांचे असतानाच आई गेली. मायेची उणीव त्यांना झाडाझुडपांनी भरून दिली. पुढे शिक्षक झाल्यावर त्यांनी सांगितलं, की खेळ हा रिकामा उद्योग नव्हे, जग समजून घेण्याची ती मुलाची रीत आहे. त्यांनी मुलांच्या हाती लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोळे, ठोकळे दिले आणि त्यांना ‘भेटी’ म्हटलं. प्रशियाच्या सरकारला मात्र या बागेत नास्तिकपणा दिसला. १८५१ साली बंदी आली. दुसऱ्याच वर्षी फ्रोबेल गेले. बंदी उठली ती १८६० साली.

आपल्याकडे ताराबाई मोडक मूळच्या माँटेसरी पद्धतीच्या. पण १९४५ साली अनुताई वाघांना सोबत घेऊन त्या बोर्डीला आल्या, तेव्हा महागडी साधनं बाजूला राहिली. शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं झाली. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द असा रुजला. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेनं तो देशभर नेला.

आता आपल्या नंदुरबारकडे पाहू. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरचं मूल घरी पावरी किंवा भिली बोलतं. त्याच्या मुठीत चिंचोके असतात, जिभेवर आईचे शब्द असतात. माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याला वाटतं, ते शब्दही फ्रोबेल यांच्या ‘भेटीं’इतकेच मोलाचे. ते दाराबाहेर ठेवायला लावले, तर मूल आत येतं, पण मुकं होऊन. शहरातल्या मुलाची गत वेगळी आणि तरी तीच. तिसऱ्या वर्षी हातात पेन्सिल, संध्याकाळी गृहपाठ. पाटीवर बाग, आत परीक्षा!

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते सहा वर्षांचा काळ शिक्षणाचा पाया मानला, खेळ आणि घरची भाषा यांना महत्त्व दिलं. पण धोरण कागदावर असतं, मूल घरी असतं. म्हणून एवढंच सुचवतो. लेकरू शाळेतून आलं, की ‘आज काय लिहिलंस?’ असं विचारू नका. ‘काय खेळलास?’ असं विचारा, आणि तेही त्याच्याच बोलीत.