निबंधाची परांची
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात कोल्हापूर येथे केलेले भाषण)



निबंधस्पर्धेच्या वह्या तपासण्याचे काम मंडळाने यंदा आमच्याकडे सोपविले होते. विषय होता 'मी पाहिलेला महापूर'. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. २०२१ च्या जुलैमध्ये महापूर पुन्हा आला. तेव्हा विषय काही मुलांस परका नव्हता. तरीही वहीमागून वहीत तेच 'निसर्गाचे रौद्र रूप', तोच 'जलप्रलय', तोच मार्गदर्शकातला शेवट!

एका मुलीस आम्ही सहज विचारले, "बाळ, तुमच्या घरी पाणी आले होते का?" ती म्हणाली, "हो काका, जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत. आजीने सगळ्यांत आधी दादाचे दप्तर माळ्यावर टाकले." "मग हे का लिहिले नाहीस?" तिने उलट विचारले, "हे निबंधात चालते का?" आम्ही निरुत्तर झालो.

दोष त्या मुलीचा नव्हे. आपण मुलांस 'लिही' म्हणून सांगतो. लिहिण्यापूर्वी काय करावयाचे ते सांगत नाही. गवंडी ओळंबा आणि दोरी लावल्यावाचून भिंत चढवीत नाही. उंचीवर काम करावयाचे तर तो परांची बांधतो आणि भिंत पुरी झाली की ती सोडवून ठेवतो. निबंधासही अशी परांची हवी.

तिला खर्च नाही. कोऱ्या कागदाच्या मध्यभागी विषय लिहावा व भोवती आठवतील ते शब्द मांडावेत. पाच-सात मिनिटे पुरतात. मग कोण, कोठे, केव्हा, कसे आणि का, हे प्रश्न त्या शब्दांस विचारावेत. उत्तर मिळेल तो मुद्दा ठेवावा, बाकीचे खोडावेत. उरलेले मुद्दे वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून पुढेमागे सरकवावेत व क्रम ठरवावा. पायरी, आजी, दप्तर, अंधार, होडी, चिखल एवढ्या सहा चिठ्ठ्यांत त्या मुलीचा निबंध उभा राहतो. लिहून झाल्यावर एकही चिठ्ठी सुटली नाही ना, हे ताडून पाहावे.

आकृतिबंध आपल्या मुलांस नवा नाही. दहावीच्या मराठीस कृतिपत्रिका आली, तेव्हापासून मुले चौकटी भरण्यास सरावली आहेत. परंतु तेथे उताऱ्यातील शब्द उचलून भरावयाचे असतात. येथे चौकट आपल्या अनुभवाने भरावयाची आहे.

येथे पालकांस एक नम्र इशारा. मुद्दे वडिलांनी काढून दिले, तर तो आराखडा नसून घरी छापलेला मार्गदर्शक होय! आपण फक्त प्रश्न विचारावेत. नुसता कागद हाती देऊनही भागत नाही. अमेरिकेतील ग्रॅहॅम व पेरिन या अभ्यासकांनी चौथी ते बारावीच्या मुलांवरील अनेक प्रयोग एकत्र पडताळून २००७ मध्ये 'रायटिंग नेक्स्ट' हा अहवाल प्रसिद्ध केला. लेखनापूर्वीच्या तयारीने लेखन सुधारते, असे त्यांस आढळले. पण योजना, लेखन आणि दुरुस्ती यांची रीत पायरीपायरीने शिकविली, तेथे लाभ पुष्कळ अधिक दिसला.

मंडळी, या नगरीत १९०१ पासून शाहू छत्रपतींच्या आश्रयाने निरनिराळ्या ज्ञातींची विद्यार्थी-वसतिगृहे उभी राहिली. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ज्या घरांत पूर्वी अक्षर नव्हते, तेथे ते पोहोचले. त्या अक्षरांनी आपली नातवंडे दुसऱ्याचीच वाक्ये उतरवीत बसली, तर आजीने पुरातून वाचविलेले दप्तर कोणत्या कामाचे?

म्हणून मंडळास आमची विनंती आहे की, पुढील वर्षापासून निबंधासोबत मुलाच्या हातचा कच्चा आराखडाही मागवावा व त्यासही गुण द्यावेत. त्या मुलीस आम्ही सांगून ठेवले आहे, "बाळ, चालते. तेच लिही."