राखेचे सिमेंट टिकते का?

मिरज-वाळवा भागात घर बांधणारा माणूस हमखास विचारतो, "साहेब, हे राखेचं सिमेंट टिकंल का?" दुकानदार पोर्टलँड पोझोलाना सिमेंटची गोणी दाखवतो आणि गवंडी म्हणतो, "साधंच आणा, त्रेपन्न ग्रेडचं."

गवंड्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. या सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातील कोळशाची राख असते. ते सुरुवातीला सावकाश ताकद धरते. मात्र सिमेंटमध्ये पाणी पडले की चुना सुटतो, त्या चुन्याशी राखेतील सिलिका हळूहळू संयोग पावते आणि काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रे बुजतात. ताकद २८ दिवसांनंतरही वाढत राहते. जुने गवंडी चुन्यात विटांची पूड, सुरखी घालत, तीच ही युक्ती.

छिद्रे बुजण्याला कृष्णाकाठी फार मोल आहे. उसाला बेसुमार पाणी पाजून आपण चांगल्या जमिनी खारवट-चोपण करून ठेवल्या. तिथे जोत्याला लोणा लागतो, गिलाव्याचे पोपडे निघतात. मातीतले सल्फेट काँक्रीट फुगवते, क्लोराइड सळई गंजवते. अशा पायाला राखेचे किंवा पोलाद कारखान्यातील स्लॅगचे सिमेंट साध्यापेक्षा अधिक काळ दाद देते.

आता दुसरी बाजू. सळईला गंजापासून राखतो तोही हाच चुना. राख त्यातला काही खाऊन टाकते, त्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड लवकर आत शिरू शकतो. काँक्रीटला पाणी नीट मारले नसेल तर हा धोका वाढतो. आयएस ४५६ या मानकात साध्या सिमेंटला किमान ७ आणि मिश्र सिमेंटला किमान १० दिवस पाणी सांगितले आहे. प्रत्यक्षात? मी एका स्लॅबवर पाचव्या दिवशी चढलो, तर आळी कोरडी ठणठणीत!

म्हणून माण-खटावमध्ये टँकरच्या दिवसांत कोणी स्लॅब टाकायला निघाला, तर मी म्हणतो, पाऊस होऊ दे. थांबता येत नसेल तर ओली गोणपाटे दहा दिवस हलवू नका. ते जमणार नसेल तर राखेच्या सिमेंटचा हट्ट नको.

आणि हो, साखर कारखान्याच्या बगॅसच्या राखेबद्दलही विचारतात. नीट जाळून बारीक दळली तर तीही उपयोगी ठरते, असे प्रयोग सांगतात. पण बॉयलरमधून निघणाऱ्या राखेत न जळलेला कोळसा असतो. ती घमेल्याने काँक्रीटमध्ये ओतू नका.